शंभर दिवसांचा कित्ता

गेल्या वर्षी भाद्रपदात माझा एक चेक परत आला. रक्कम काही फार नव्हती; सोसायटीच्या देखभाल खर्चाचे चार हजार रुपये. आमच्या सेक्रेटरींनी अगदी संकोचानं तो चेक आणि त्याला टाचलेला मेमो माझ्या हातात ठेवला. मेमोवर कारणांची छापील यादी होती आणि त्यातल्या एका कारणापुढे खूण केलेली होती : सही जुळत नाही.

वाचकहो, हा मेमो मी स्वतः आयुष्यात किती वेळा भरला असेल याची गणती नाही. बँकेत चौतीस वर्षं काढली. त्यातली निम्मी तरी काउंटरच्या आतल्या बाजूला बसून लोकांच्या सह्या ताडून पाहण्यात गेली. एक म्हातारे मास्तर पेन्शन काढायला यायचे. त्यांचा हात थरथरायचा. मी त्यांना दोन-दोन, तीन-तीनदा सही करायला लावत असे. ‘गुरुजी, शेवटचा फराटा नीट नाही आला,’ असं वर म्हणत असे. नियमच तसा होता, त्यामुळे माझं चुकलं असं कुणी म्हणणार नाही. पण स्वतःच्या चेकवरची ती वेडीवाकडी सही पाहिली आणि मास्तरांचा चेहरा डोळ्यांपुढे उभा राहिला.

झालं होतं ते असं. आषाढात गोदाघाटावर पायरीवरून पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये. प्लास्टर निघालं तेव्हा बोटं लाकडासारखी झाली होती. मी कादंबऱ्या हातानंच लिहितो. तिसऱ्या कादंबरीची नऊ प्रकरणं लिहून झाली होती. दहाव्याच्या पहिल्या पानावर दोन ओळी लिहिल्या आणि त्या माझ्या मलाच वाचता येईनात. फिजिओथेरपीच्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला होता, तो मी कंटाळून कपाटावर टाकून दिला. त्यांना ते कळलं असावं. म्हणाल्या, ‘काका, चेंडू नको असेल तर राहू द्या. पण बोटांना रोज काहीतरी बारीक काम द्या. रोज म्हणजे रोज.’

बारीक काम म्हणजे काय करायचं, हा प्रश्न घेऊन मी घरी आलो आणि त्याचं उत्तर घरातच, जेवणाच्या टेबलावर पसरलेलं सापडलं.

रोज एक चिन्ह

माझी नात उपयोजित कलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्या संध्याकाळी तिनं टेबलभर कागद मांडले होते आणि ती कसली तरी यादी करत होती. इस्त्रीवाला, चावीवाला, उसाची रसवंती, पिठाची गिरणी, चपला शिवणारा, पंक्चरवाला, फुलपुडीवाली. ज्यांच्या दुकानाला धड पाटीसुद्धा नाही अशा शंभर धंद्यांची नावं तिला हवी होती. रोज एका धंद्याचं बोधचिन्ह करायचं, असे शंभर दिवस. रंग फक्त दोन आणि वेळ फक्त एक तास. तास संपला की जसं असेल तसं ते मित्रमैत्रिणींना दाखवायचं. घटस्थापनेला सुरुवात करायची होती.

‘हे कुणी करायला सांगितलंय? कॉलेजनं?’ मी विचारलं.

‘नाही आजोबा, मीच. याला चॅलेंज म्हणतात. जगभर करतात.’

मग तिनं मला समोर बसवून सांगितलं. अमेरिकेत मायकेल बीरुट नावाचे मोठे डिझायनर आहेत. २००२ सालच्या पहिल्या तारखेपासून त्यांनी रोजच्या वर्तमानपत्रातला एक फोटो निवडायचा आणि त्यावरून चित्र काढायचं, असा वर्षभराचा नेम केला. पुढे येल विद्यापीठात शिकवताना त्यांनी विद्यार्थ्यांनाही असंच काम द्यायला सुरुवात केली. रोज करता येईल अशी डिझाइनची एकच कृती निवडा आणि ती शंभर दिवस करा. एका विद्यार्थ्यानं रोज एका मिनिटात एक पोस्टर केलं. एकीनं रंगाच्या दुकानातली रंगपट्टी रोज एक घेतली आणि त्या रंगावर थोडंसं लिहिलं. स्पेनमधल्या बार्सिलोनात दोघा डिझायनरांनी २०१४ मध्ये आणखी एक नेम काढला : रोमन लिपीतली २६ अक्षरं आणि १० आकडे, रोज एक, असे ३६ दिवस. आता देशोदेशीचे लोक त्यात भाग घेतात.

मी नेमका इथेच अडकलो. ‘त्यांची छत्तीस दिवसांत संपतात. आपली किती दिवसांत संपतील?’

हिशेब करणं हा माझा जुना रोग. अ पासून अः पर्यंत बारा. त्यात ॲ आणि ऑ घातले की चौदा. क पासून ज्ञ पर्यंत छत्तीस. झाले पन्नास. आकडे दहा, म्हणजे साठ. उरलेले चाळीस दिवस जोडाक्षरांना. ‘बरोबर शंभर!’ मी मोठ्यानं म्हणालो. स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, ‘अहो, ऋ राहिला.’ चौतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाची बेरीज चुकली होती. एक जोडाक्षर कमी करून ऋ ला जागा दिली आणि नातीबरोबर मीही या भानगडीत सामील झालो.

वही शोधावी लागली नाही. निवृत्त बँकवाल्याच्या घरी कोऱ्या डायऱ्यांना तोटा नसतो. २०११ सालची जाड डायरी निघाली, रोज एक पान. कॉलेज रोडवरून एक चपट्या टोकाचं पेन आणि काळी शाई आणली. घटस्थापनेला १ जानेवारीच्या पानावर मी अ काढला. तो पाहून नात काही बोलली नाही. फक्त म्हणाली, ‘आजोबा, तारीख घाला खाली.’

हे आपल्याकडे नवं आहे का?

पहिले आठ-दहा दिवस मला हे परदेशी खूळ वाटत होतं. मग एका सकाळी सौभाग्यवती दारात रांगोळी काढत होत्या, तेव्हा लक्षात आलं की आपण हे लहानपणापासून पाहत आलो आहोत. पंचवटीतल्या वाड्यात माझी आई रोज सडा घालून ठिपक्यांची रांगोळी काढायची. ठिपके मोजून मांडायचे, ते जोडायचे, जागा हातभर, रंग पांढरा एकच. शेजारणीच्या दारातली रांगोळी पाहून दुसऱ्या दिवशी आईची थोडी बदलायची. दुपारपर्यंत ती पायांनी पुसून जायची आणि त्याचं कुणाला दुःख नसायचं, कारण उद्या पुन्हा काढायचीच होती. आखून घेतलेली हद्द, ठरलेली वेळ, चार लोकांना दिसेल अशी जागा. नातीच्या चॅलेंजमध्ये जे जे होतं ते सगळं आईच्या उंबऱ्यापुढे होतं. आईला त्याला काही नाव द्यावं लागलं नव्हतं, एवढंच.

आणि शाळेतला कित्ता? वळणदार अक्षरांवरून रोज गिरवायचं, पुसायचं, पुन्हा गिरवायचं. आपण तो शिक्षा म्हणून आठवतो. पण दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे, हे मी नोकरीत असताना वाचलं होतं आणि विसरलो होतो. आता पुन्हा काढून वाचला. समर्थ तिथे पक्क्या कारागिरासारखं बोलतात. अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं हवं. पोथीचं पहिलं अक्षर आणि शेवटचं अक्षर एकाच टाकानं लिहिल्यासारखं दिसलं पाहिजे. पानाच्या कडेला जागा सोडावी, म्हणजे कागद झडला तरी अक्षराला धक्का लागत नाही. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते कामाला येत नाही. हा शेवटचा सल्ला माझ्यासाठीच दिला आहे असं वाटून मी त्या दिवसापासून अक्षर मोठं केलं. नाशिककरांना ठाऊकच आहे की समर्थांनी तरुण वयात इथल्या टाकळीला बारा वर्षं तप केलं असं परंपरा सांगते. रोजचा नेम म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

आपल्याच जिल्ह्यातलं आणखी एक उदाहरण मला फार आवडतं. त्र्यंबकला १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके सिनेमात आले ते छपाईच्या धंद्यातून. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, फोटोग्राफी केली, पुरातत्त्व खात्यात नकाशे-आराखडे काढले, लोणावळ्याला स्वतःचा छापखाना काढला, रंगीत छपाईसाठी १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. आजच्या भाषेत म्हणायचं तर ग्राफिक डिझाइनचाच माणूस. १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणल्यावर पैसे लावायला कुणी तयार होईना. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिन्याभराहून अधिक दिवस, रोज थोडं थोडं, त्याचं वाढणं टिपलं. बी फुटून वेल वर चढताना पडद्यावर पाहिली तेव्हा पैसेवाल्यांची खात्री पटली. त्यानंतर ‘राजा हरिश्चंद्र’ आला, ३ मे १९१३ रोजी. त्याच वर्षी दादासाहेब मुंबई सोडून नाशिकला आले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, तिथे आपण पोरांना घेऊन फिरायला जातो. पण भारतीय सिनेमाच्या मुळाशी कुंडीतला एक वाटाणा आणि महिनाभर न चुकलेला एक नेम आहे, हे पोरांना सांगायचं राहून जातं.

अक्षरांशी ओळख

आता माझ्या डायरीकडे वळतो. पहिली पंधरा पानं आज पाहवत नाहीत. कुठे शिरोरेषा उतरणीला लागलेली, कुठे औ च्या मात्रा पानाबाहेर. पण सोळाव्या दिवशी क आला आणि काहीतरी बदललं. क चा दंड मधोमध आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना पोट आणि शेपूट तोलून धरावं लागतं. ग चा दंड वेगळा उभा असतो. ट, ठ, ड, ढ यांना खालपर्यंत जाणारा दंडच नाही, ती अक्षरं शिरोरेषेला नुसती लोंबतात. चपटं पेन कोणत्या कोनात धरलं यावर कुठली रेघ जाड आणि कुठली बारीक हे ठरतं. रोमन अक्षरांसाठी इंग्रजी पद्धतीनं कापलेलं टोक आपल्या अक्षरांना चालत नाही. बोरूची कापणी उलट्या बाजूला तिरपी लागते. हे नातीनं सांगितलं आणि पेन बदलल्यावर अक्षर एकदम अंगात आल्यासारखं उभं राहिलं.

बेचाळिसाव्या दिवशी र ची पाळी आली. या र ला मी आयुष्यभर रुपयाच्या निमित्तानं लिहीत आलो. पण तो धर्मात डोक्यावर बसतो, प्रेमात पायाशी तिरका येतो, ट्रकमध्ये ट च्या खाली छप्पर घालतो आणि दऱ्याखोऱ्यांत चंद्रकोरीसारखा अर्धा होतो, हे कधी नजरेत भरलं नव्हतं. १५ जुलै २०१० ला केंद्र सरकारनं रुपयाचं नवं चिन्ह स्वीकारलं. मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या उदयकुमार यांनी ते याच देवनागरी र वरून केलं. त्या वेळी मी नोकरीत होतो. बँकेत परिपत्रक आलं आणि मी ते सहीनिशी फाइलला लावलं. चिन्हाकडे पाहिलं मात्र नाही. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. त्या छापखान्यापासून काही मैलांवर राहून मी चौतीस वर्षं नोटा मोजल्या. नोटेच्या मागे पंधरा भाषांमध्ये रक्कम लिहिलेली असते, ती सगळी अक्षरं मी पहिल्यांदा नीट पाहिली ती निवृत्त झाल्यावर.

रोजच्या कामानं हातापेक्षा आधी नजर बदलते, हे मला या डायरीनं शिकवलं. रविवार कारंज्यावरून मेन रोडला जाताना मी दुकानांच्या पाट्या वाचायचो, आता पाहू लागलो. फ्लेक्स आल्यापासून सगळ्या पाट्यांना एकच चेहरा आला आहे. पण एखाद्या जुन्या दुकानावर पेंटरनं ब्रशनं रंगवलेली पाटी अजून टिकून असते. तिच्यातला ळ असा काही गोल फिरवलेला असतो की मी रस्त्यात उभा राहतो आणि मागून रिक्षावाला हॉर्न वाजवतो.

मुंबईतल्या कमल शेडगे यांनी तर मराठी माणसाला अक्षर ‘पाहायला’ लावलं. वर्तमानपत्राच्या पानावर, नाटकांच्या जाहिरातींच्या गर्दीत, एवढ्याशा जागेत त्यांनी काढलेलं नाव वाचल्याबरोबर नाटक विनोदी आहे की गंभीर, ऐतिहासिक आहे की घरगुती, हे कळायचं. शेकडो नाटकांची नावं त्यांनी अशी घडवली. २०२० साली ते गेले. अंक छापायला जायची वेळ ठरलेली, त्यामुळे स्फूर्तीची वाट पाहत बसायची सोय या कामात नसते. र. कृ. जोशी यांचंही तसंच. जाहिरात क्षेत्रात आणि पुढे आयआयटीत शिकवताना ते अक्षरांत रमले. संगणकावर मराठी लिहिणाऱ्या असंख्य लोकांनी ज्या ‘मंगल’ अक्षरात पत्रं आणि अर्ज लिहिले, ते अक्षर त्यांनी घडवलेलं. आणि अमूल लोण्याची ती ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी? १९६६ पासून ती ताज्या घडामोडींवर बोलते आहे. काल घडलेल्या गोष्टीवर आज चित्र आणि कोटी तयार हवी, उद्या ती शिळी होणार. ही मंडळी चॅलेंज घेत नव्हती, पोटापाण्याचं काम करत होती. पण रोजच्या घाईनं त्यांचं काम पातळ झालं नाही, उलट धारदार झालं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

चुकलेला दिवस

बावन्नाव्या दिवशी नातीचा नेम मोडला. मावसबहिणीच्या हळदीला ओझरला गेली होती, परतायला रात्रीचे दोन वाजले. सकाळी डोळे सुजलेले. ‘संपलं आजोबा. आता काय अर्थ आहे? एक्कावन्न दिवस फुकट.’

तिच्या जागी मी असतो तर कदाचित हेच म्हणालो असतो. पण अशा वेळी बँक कामाला येते. मी तिला म्हटलं, ‘हे बघ बाळ, बँकेत रोजची रोकड रोज जुळलीच पाहिजे असा नियम आहे. तरी एखाद्या दिवशी रात्रीचे नऊ वाजले तरी हिशेब जुळत नाही. मग आम्ही बँक बंद करतो का? फरकाची रक्कम सस्पेन्स खात्यात टाकतो, कुलूप लावतो आणि दुसऱ्या दिवशी दहाला पुन्हा शटर उघडतो. फरक लपवायचा नाही आणि त्याच्यापायी धंदाही बंद करायचा नाही.’

तिनं वहीत बावन्नाव्या चौकटीत ‘सस्पेन्स’ असं लिहिलं आणि त्याच दिवशी त्रेपन्नावं चिन्ह केलं. कुलूप-किल्लीवाल्याचं.

खरं सांगायचं तर तिच्यावर दुसरंही एक ओझं होतं. तिचे वडील, म्हणजे माझा मुलगा, या शिक्षणावर खूश नाही. एकदा जेवताना तो म्हणाला, ‘अगं, आता त्या संगणकाला चार शब्द सांगितले तर तो मिनिटात शंभर चिन्हं काढून देतो. तू शंभर दिवस कशाला घालवतेस?’ नात पटकन म्हणाली, ‘बाबा, मग तुम्ही सकाळी फिरायला रिक्षानं का जात नाही?’ सगळे हसलो. पण तो पुढे म्हणाला, ‘यानं पोट भरतं का?’ आणि माझा घास हातातच राहिला.

हे वाक्य माझं होतं. तो नववीत असताना चित्रकलेच्या परीक्षेत चांगल्या श्रेणीनं पास झाला होता. त्याला कलाशाखेच्या कॉलेजात जायचं होतं. मी त्याला शब्दशः हेच विचारलं होतं आणि कॉमर्सला घातलं होतं. त्यानं वाद घातला नाही. रंगांची पेटी माळ्यावर ठेवली आणि आज एका कंपनीत हिशेब सांभाळतो. संसार उत्तम चाललाय. मीही असंच मानत आलो की जे झालं ते बरंच झालं.

त्र्याहत्तराव्या दिवशी नातीनं शिंप्याचं चिन्ह केलं होतं : कात्री आणि तिच्या दोन कड्यांतून निघालेला दोरा. कागद टेबलावर पडला होता. मुलगा चहा घेता घेता बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘कात्रीची पाती उलटी बसवलीस. अशी कापणारच नाही.’ मग त्यानं पेन्सिल घेतली आणि कोपऱ्यात कात्री काढली. चार-पाच रेघांत. तीस वर्षांत मी त्याला चित्र काढताना पाहिलं नव्हतं. नात काही बोलली नाही, मीही बोललो नाही. त्यानं कप उचलला आणि आत गेला.

नेमाचा नाद आणि नेमाची नशा

या प्रकाराची दुसरी बाजूही सांगायला हवी. अमेरिकेतला बीपल या नावानं ओळखला जाणारा चित्रकार १ मे २००७ पासून रोज एक चित्र करू लागला. पहिलं चित्र साध्या पेनानं काढलेलं होतं, त्याच्या काकांचं किंवा मामांचं; इंग्रजीला त्यातला फरक कळत नाही. अशा पहिल्या पाच हजार दिवसांच्या चित्रांची एकत्र प्रतिमा मार्च २०२१ मध्ये लिलावात सुमारे सहा कोटी त्र्याण्णव लाख डॉलरना विकली गेली. हा आकडा ऐकून पुष्कळ पोरं नेमाच्या मागे लागतात. पण लिलाव चौदाव्या वर्षी झाला, त्याआधीची तेरा वर्षं पोरांच्या हिशेबात येत नाहीत.

दुसरा धोका मी घरातच पाहिला. एखाद्या दिवशी नातीच्या चिन्हाला कुणी दाद दिली नाही की दुसऱ्या दिवशी ती लोकांना आवडेल असं, ठरावीक साच्यातलं काहीतरी करायची. आठवडाभर सगळी चिन्हं सारखीच दिसू लागली. तेव्हा आम्ही एक नवीन नियम केला. दर दहा दिवसांनी मागची दहा पानं समोर मांडायची आणि त्यातलं कोणतं का बरं आहे, कोणतं का फसलं, हे बोलायचं. बँकेत महिनाअखेरीला ताळेबंद मांडतात तसं. रोज नुसतं करत राहिलं तर हात पळायला लागतो आणि नजर मागे राहते. रोज करणं आणि अधूनमधून थांबून पाहणं, दोन्ही लागतं.

ज्यांना असं काही करून पाहायचं असेल त्यांना अनुभवानं चार गोष्टी सांगतो. काम इतकं लहान ठेवा की पाहुणे आले, दिवे गेले, ताप आला तरी करता येईल. हद्द आधी आखा : किती रंग, किती वेळ, केवढा कागद. मोकळं रान मिळालं की माणूस गोंधळतो. निदान एका माणसाला रोज दाखवा, घरातला असला तरी चालेल. आणि दिवस चुकला तर लपवू नका, सस्पेन्सला टाका. त्यासाठी संगणक लागत नाही, वयाची अट नाही. मुलांच्या सुट्टीत ठिपक्यांच्या वहीवर आजीबरोबर रोज एक रांगोळी काढली तरी तेच शिक्षण मिळेल.

संक्रांतीच्या थोडं आधी आमचे शंभर दिवस भरले. माझं शेवटचं जोडाक्षर ‘श्री’ होतं. ते शेवटी यावं अशी योजना होती, पण ते सुरेख आलं हे मात्र योजनेत नव्हतं. नातीची नव्व्याण्णव चिन्हं झाली आणि एक चौकट सस्पेन्सला. आमच्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यानं त्याचं चिन्ह मागून घेतलं आणि टपरीला लावलं. मोबदल्यात आमच्या सौभाग्यवतींच्या दोन साड्या फुकट इस्त्री करून दिल्या. घरातल्या ताळेबंदात ही नातीची पहिली कमाई. कादंबरीचं दहावं प्रकरणही पुरं झालं. अक्षर पूर्वीसारखं नाही. पूर्वीपेक्षा मोठं आणि सावकाश आहे. वाचता मात्र येतं.

जानेवारीच्या अखेरीला मी नवी सही नोंदवायला बँकेत गेलो. काउंटरमागे नातीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल अशी मुलगी होती. तिनं फॉर्म पुढे सरकवला आणि म्हणाली, ‘काका, तीन वेळा करा. घाई नाही, सावकाश करा.’ मी कुणाला असं कधी म्हणालो होतो का, हे आठवायचा प्रयत्न केला. तीन सह्या केल्या. जुन्या सहीशी त्या जुळत नव्हत्या. पण तिन्ही एकमेकींशी जुळत होत्या, आणि बँकेला तेवढंच हवं असतं.

घरी येऊन २०११ ची डायरी परत ठेवायला कपाट उघडलं. तिच्यात अजून २६५ पानं कोरी आहेत, ती भरायचं मनात आहे. शेजारी २०१२ ची कोरी डायरी होती, ती जागेवर नव्हती. नातीला विचारलं, तर तिनं घेतली नव्हती. माळ्यावरची रंगांची पेटीही खाली आलेली दिसली. मी आणखी कुणाला विचारलं नाही.